सदतीस अंशांचा तोरा

मी इन्क्युबेटर बोलतोय. थांबा, कोंबडीची पिल्लं शोधू नका. तो माझा पोल्ट्रीतला चुलतभाऊ. मी श्रीरामपूरच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत असतो आणि डोळ्यांना न दिसणारे जिवाणू उबेत वाढवतो.

दिसायला मी बुटक्या कपाटासारखा. बाहेर पत्र्याचं दार, आत काचेचं. कपाळावर एक बटण, एक तांबडा दिवा आणि तापमानाचा काटा. टेम्पोतून इथं उतरलो त्याच दिवशी मला हार घातला गेला, नारळ फुटला आणि शामकांत सरांनी माझा काटा सदतीस अंशांवर आणून वर चिकटपट्टी लावली. "याला कोणी हात लावायचा नाही," असं त्यांनी पोरांना बजावलं. सदतीस म्हणजे माणसाच्या अंगातली ऊब. प्रॅक्टिकलला लागणारे जिवाणू त्यात झकास वाढतात. तेव्हापासून मी सदतीस सोडलं नाही, आणि त्याचा मला चांगलाच तोरा होता.

प्रॅक्टिकलची पोरं मी खूप पाहिली. त्यांना उत्तर आधीच ठाऊक असतं, मागच्या वर्षीच्या मुलांच्या जर्नलात ते लिहिलेलंच असतं. पण तिसऱ्या वर्षाला संशोधन प्रकल्प आला की ह्याच पोरांचे चेहरे पडतात. ह्याचं उत्तर कोणाच्याच जर्नलात नसतं ना!

दोन वर्षांपूर्वी ज्ञानेश्वरी आणि राजस ही जोडगोळी माझ्याकडे आली. राजस शिक्षकांच्या घरातला, बोलण्यात पटाईत. ज्ञानेश्वरी जवळच्याच बेलापूर गावातल्या शेतकऱ्याची मुलगी. तिच्या वडिलांच्या, भागवतरावांच्या, रानात एक तुकडा पाणी मुरून मुरून खारवट झाला होता. तिथं काही पेरलं तरी उगवत नव्हतं. त्या खाऱ्या मातीतही तग धरणारे जिवाणू शोधायचे आणि ते बियाण्याला लावले तर बी उगवतं का ते पाहायचं, असा तिचा विषय होता. पिशवीतून माती घेऊन ती एसटीने यायची आणि सीटवर माती सांडली म्हणून कंडक्टरची बोलणी खायची.

पण जिवाणू काही वाढेनात. काचेच्या चपट्या प्लेटांत ती दोघं माती कालवलेलं पाणी पसरायची, प्लेटा माझ्या पोटात ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी धावत यायची. आत जिवाणूंचे दोन-चार मरतुकडे ठिपके. पुन्हा प्लेटा, पुन्हा तेच. मला मनापासून वाईट वाटायचं. मी माझी ऊब जराही कमी पडू देत नव्हतो!

शेवटी सर म्हणाले, "दसऱ्याच्या सुट्टीनंतर एकदा बघू. नाही जमलं तर विषय बदला. विहिरीचं पाणी तपासा, दरवर्षी सगळे करतात तसं."

ज्ञानेश्वरी "बरं सर" म्हणाली खरी, पण मग माझ्याआड उभी राहून रडली.

मग खंडेनवमी आली. आमच्या प्रयोगशाळेत त्या दिवशी सगळ्या यंत्रांची पूजा होते. सूक्ष्मदर्शकाला झेंडू, तराजूला हळदकुंकू. राजसने सकाळीच शेवटच्या प्लेटा माझ्यात ठेवल्या आणि तो गावाला गेला. ज्ञानेश्वरीला ते ठाऊक नव्हतं. तिने मला ओल्या फडक्याने पुसलं, कुंकू लावलं, हार घातला. तिच्या घरी त्या दिवशी ट्रॅक्टर धुऊन उभा करतात, कोणी त्याची चावीही फिरवत नाही. त्याच सवयीने तिने माझं बटण बंद केलं.

"वर्षभर तापतोस बाबा," ती म्हणाली. "आज आराम कर."

तांबडा दिवा विझला. मी ओरडून सांगणार होतो, पण मला तोंड कुठं आहे? सुट्टीभर मी गार पडत गेलो. आतल्या प्लेटांची ऊब राखायची सोडून मी निजून राहिलो, ह्याची मला फार लाज वाटली.

सुट्टी संपल्यावर राजसने दार उघडलं. "हा गार कसा? बंद कोणी केला?"

"मी," ज्ञानेश्वरी म्हणाली. "आत प्लेटा हायेत हे मला काय म्हाईत!"

दोघांनी घाईघाईने प्लेटा बाहेर काढल्या. प्लेटा भरून गेल्या होत्या. पांढरे, पिवळे, टपोरे ठिपके, बोटभर जागा रिकामी नव्हती.

"सरांना एवढंच दाखवायचं," राजस कुजबुजला. "बटणाचा विषय काढायचाच नाही, नाहीतर सर हे धरणारच नाहीत. विचारलंच तर लाईट गेलती म्हणू. लाईटवर कोणीपण विश्वास ठेवतं."

सर आले. प्लेटा पाहून खुलले. "वा! सदतीसवर एवढं वाढलं?"

राजसने मान डोलावली. ज्ञानेश्वरीने मात्र डोलावली नाही. खरं सांगितलं तर विषय हातातून जाईल, ही तिची भीती मला कळत होती.

"न्हाई सर," ती म्हणाली. "मी मशीन बंद केलं हुतं. खंडेनवमी हुती ना, म्हणून."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग कपाळावर हात मारून मोठ्याने हसले.

"अगं, मातीतला जीव! त्याला माणसाच्या अंगातली ऊब कशाला? आपण त्याला ताप आणत होतो. आणि ही पट्टी मीच लावलेली!"

पुन्हा प्रयोग झाला. अर्ध्या प्लेटा माझ्यात, सदतीसवर. अर्ध्या बाहेर टेबलावर, नुसत्या. टेबल जिंकलं. चार पायांचं, न तापणारं, साधं लाकडी टेबल! माझा तोरा त्या दिवशी उतरला. सरांनी चिकटपट्टी नखाने खरवडून काढली आणि माझा काटा अठ्ठावीसवर आणला. खरं सांगू? मलाही बरं वाटलं.

पुढे त्या खारवट मातीच्या कुंड्यांत जिवाणू लावलेला हरभरा उगवला. सगळा नाही, पण नुसत्या बियाण्यापेक्षा बराच. भागवतराव स्वतः बघायला आले. कोंबांवरून बोट फिरवून म्हणाले, "लई न्हाई, पन आलंय. आपल्याच मातीतलं हाय व्हय हे?" मग माझ्याकडे वळून त्यांनी नमस्कार केला. विद्यापीठाच्या स्पर्धेत बक्षीस मिळालं नाही. पण ज्ञानेश्वरीने बटणाची गोष्ट सांगितल्यावर सभागृह हसलं, परीक्षकही हसले, आणि त्यांनी सगळ्यात जास्त प्रश्न तिलाच विचारले. परत आल्यावर ती आठवडाभर तेच सांगत होती.

आता मी जुना झालोय. दार नीट बसत नाही, रबर सैल झालंय. पण तक्रार नाही. काटा आता ज्याच्या त्याच्या जिवाणूप्रमाणे फिरतो. तुम्हाला एवढंच सांगणं आहे: मला हार जरूर घाला, पण आधी माझ्या पोटात कोणाचं काय आहे तेवढं बघा.

ज्ञानेश्वरी पुण्याला एम.एस्सी. करते. यंदा दसऱ्याला घरी आली तेव्हा खंडेनवमीला इथं डोकावली. मला पुसलं, कुंकू लावलं. सवयीने तिचा हात बटणाकडे गेला आणि थांबला. तिने हळूच पत्र्याचं दार उघडलं. काचेआड कोणा नव्या पोरीच्या प्लेटा होत्या, कडेला कच्च्या अक्षरात नाव लिहिलेल्या. ज्ञानेश्वरीने त्या वाकून पाहिल्या, दार अलगद लावलं आणि ती गेली.

माझा तांबडा दिवा तसाच चालू होता.