चाळीस दिवस 'मी'विना

छातीत कळ येऊन चार दिवस इस्पितळात काढल्यापासून नळवाल्याने नजातीचा, म्हणजे मुक्तीचा, ध्यास घेतला होता. मेल्यावर आपली सुटका होणार की नाही, या घोराने त्याची झोप उडाली. शेवटी तो आपांकडे गेला. आपा म्हणजे साऱ्या वस्तीची थोरली बहीण; त्या दिवसभर रफूचं काम करत आणि संध्याकाळी सूफींच्या वाटेने जाऊ पाहणाऱ्यांना चार शब्द सांगत.

"आपा, मला नजात हवी आहे."

"कोणाला?" सुईत दोरा ओवता ओवता आपांनी विचारलं.

"मला! मी समोर बसलोय ना."

"हा 'मी' फार मोठ्याने बोलतो बाबा. अल्लाचं काही कानावर पडूच देत नाही. चाळीस दिवस तो शब्द तोंडातून काढू नकोस. मग ये."

नळवाल्याला वाटलं, स्वस्तात सुटलो. पण 'मी होतो म्हणून टिकलं' म्हटल्याशिवाय त्याचं पान हलत नसे. पहिल्याच दिवशी त्याने "नळ दुरुस्त झाला" असं सांगितल्यावर गिऱ्हाईक म्हणालं, "आपोआप? मग तुम्हाला कशाला बोलावलं?" घरी बायकोने विचारलं, "दुधावरची साय कोणी खाल्ली?"

"खाल्ली गेली," तो म्हणाला. हसून हसून तिची मुरकुंडी वळली.

सत्ताविसाव्या दिवशी बाळंतिणींच्या दवाखान्यातून बोलावणं आलं. नळजोडणीचं काम त्याने आणि टकल्याने मिळून केलं होतं. टकल्या म्हणजे त्याच्याच धंद्यातला, जिभेने तिखट. नळवाला पोचला तेव्हा खोलीभर घोट्याएवढं पाणी होतं, आणि मोठ्या डॉक्टरीणबाई टकल्याला फैलावर घेत होत्या. निखळलेला सांधा नळवाल्याने बघताच ओळखला. तो त्याच्याच हातचा होता.

"चूक झाली बाई. सांधा ढिला राहिला."

"ते दिसतंय! कोणी ठेवला?"

सगळ्यांच्या नजरा टकल्याकडे वळल्या. इतका बोलका माणूस, पण त्याचं तोंड एवढंसं झालं होतं.

"मी!" नळवाला ओरडला. "मी ठेवला. घाईत मीच कसायचा विसरलो."

बाईंनी दोघांनाही कामाला जुंपलं. सांधा बसला, फरशी कोरडी झाली, आणि नळवाला ओल्याचिंब कपड्यांनी तडक आपांकडे गेला.

"आपा, नेम मोडला. एकदा नाही, तीनदा. आता माझ्या नजातीचं काय?"

"बोललास तेव्हा नजात आठवत होती?"

"छे हो! टकल्याचं तोंड बघवेना, बस्स."

आपा खळखळून हसल्या. "अरे वेड्या, तेवढा वेळ तू सुटलाच होतास की! स्वतःला वाचवायला धडपडणारा 'मी' गप्प करायचा होता. आज बोलला तो दुसराच."

"मग उरलेले तेरा दिवस माफ?"

"मुळीच नाही. नाहीतर उद्या स्वतःला वली, मोठा संत, समजायला लागशील."

बाहेर टकल्या सायकल घेऊन उभा होता. "ओल्या अंगाने हिंडून मरायचंय का? बस मागे."

नळवाला बसला. घर येईपर्यंत टकल्याने त्याला सांधे कसे कसावेत यावर व्याख्यान झोडलं, आणि नळवाला वाटभर "खरंय, खरंय" म्हणत हसत राहिला.