सरकलेली रेघ

सदतीस वर्षं मी मास्तरकी केली. पोरांच्या वहीतली वाकडी रेघ मला खपायची नाही. छडी हातातच असायची. म्हणूनच गावात ड्रोनची मोजणी ठरली, तेव्हा शेजारच्या भागीरथाबाई माझ्याकडे आल्या. "गुरुजी, मी पोरीकडं महागावले चालली. माह्याही घराची रेघ तुमीच मारजा."

गावठाणातल्या घरांना सातबारा नसतो. ग्रामपंचायतीचा नमुना आठ असतो, पण तो कराचा कागद, त्यानं हद्द ठरत नाही. आता ज्यानं त्यानं आपल्या हद्दीवर चुना टाकायचा, ड्रोननं वरून फोटो काढायचा आणि त्यावरून पक्का नकाशा व्हायचा, अशी योजना होती.

आमच्या दोन घरांच्या मधे भागीरथाबाईंची दगडी मोरी आहे. बाई तिथंच आंघोळ करतात, तिथंच भांडी घासतात. रेघ मोरीच्या अलीकडून जायला हवी होती, मी ती पलीकडून नेली. मोटारसायकल उभी करायला जागा होईल, एवढाच हिशेब. हात जरासुद्धा थरथरला नाही, आणि आज मला त्याचीच जास्त लाज वाटते.

हद्दीच्या चौकशीच्या दिवशी मोजणी खात्याच्या साहेबांनी ग्रामपंचायतीत नकाशा पसरला. "बाई, हद्द मान्य आहे?"

"गुरुजीनं मारली ना, मंग झालं," म्हणत त्यांनी अंगठा शाईत बुडवला.

"थांबा साहेब," मी उठलो. "रेघ चुकली. मोरी यांची आहे." चुकली म्हणालो. मी सरकवली, असं म्हणायला तोंड उघडेना. साहेबांनी दुरुस्ती लिहून घेतली आणि बाईंच्या हाती एक प्रत दिली.

बाहेर येताच बाईंनी ती माझ्यापुढे धरली. "काय लिवलं, वाचा बरं."

"शेजाऱ्याकडून नजरचुकीनं..." मी वाचू लागलो.

"नजरचूक कायची, गुरुजी? मी महागावहून आली त्याच दिवशी पाहली म्या रेघ."

"मंग काहून नाही बोलल्या?" मी विचारलं.

बाईंनी कागदाची नीट घडी केली आणि पदराच्या टोकाला बांधली.

"बोलली असती अन् तुमी रागावले असते, तं माहे कागद कोनं वाचले असते?"