हायड्रोसनं धुतलेले हात

मुलगी पाहायला माणसं दारात यायची वेळ झाली आणि मुलीचे हात मनगटाच्या वरपर्यंत निळे! नलिनीबाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

"अवं पोट्टे, आजच्या दिवशी तरी रंगाच्या भट्टीवर जायाचं नव्हतं!"

"सूत आजच द्यायचं होतं, आई. सौंसरचे विणकर थांबून राहिले," तृप्ती म्हणाली.

तिचंही खोटं नव्हतं. तिचा बाप पांढुर्ण्यातला रंगारी. जुन्या साड्या उकळत्या भांड्यात टाकून नव्या करून द्यायचा. तो गेला आणि साड्या रंगवून घेणारं गिऱ्हाईकही आटलं. तेव्हा तृप्ती नागपूरला जाऊन निळीचं काम शिकून आली आणि त्याच भट्टीवर तिनं घर पुन्हा उभं केलं. नीळ झाडाची नव्हे, कारखान्यात बनलेली, डब्यातून येणारी. पण गुण तोच. मोठी हट्टी चीज! साध्या पाण्यात विरघळायचं नावच घेत नाही. कॉस्टिक घाला, हायड्रोसची पूड घाला, तेव्हा कुठं ती पिवळट-हिरवी होऊन सुतात शिरते. आणि सूत वर काढून हवा लागली, की पुन्हा निळी होऊन आतच ठाण मांडून बसते.

पंचाईत वेगळीच होती. नलिनीबाईंचे थोरले भाऊ गुणवंतामामा यांनी हे स्थळ आणलं होतं आणि मुलाकडच्यांना सांगून ठेवलं होतं, की पोरगी घरकामात तरबेज, रंगाला बोटसुद्धा लावत नाही, भट्टी नोकर चालवतो आणि लग्न झालं की तीही बंद. धडधडीत खोटं! तृप्तीला हे कालच कळलं होतं आणि तेव्हापासून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. लग्न नको असं तिचं मुळीच नव्हतं. पण लग्नापायी भट्टी विझवायची, हे तिला मेलं तरी मान्य नव्हतं.

नलिनीबाईंनी तोवर कोमट पाण्यात सोडा टाकला आणि वर हायड्रोस भुरभुरवलं. नवऱ्याच्या हाताखाली किती साड्यांचा रंग त्यांनी याच पाण्यानं उतरवला होता. लाल असो की हिरवा, उतरला की गेला तो गेला.

"आई, ते रंग वेगळे. ते हायड्रोसनं तुटून जातात. नीळ तुटत नाही, ती नुसती..."

"गप्प बस! मले शिकवू नको. जामसांवलीच्या मारुतीले नारळ कबूल केला आहे मी."

हात बुडवले. निळाई खरंच ओसरली, हात हळद लावल्यासारखे पिवळट दिसायला लागले. तेवढ्यात बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. आईनं हात धड धुऊही दिले नाहीत, पंच्यानं टिपले आणि पोह्यांचा ट्रे हाती दिला. पुढे काय होणार ते तृप्तीला पक्कं ठाऊक होतं. पण आता ती बोलली नाही. होऊन जाऊ दे एकदाचं, असं म्हणून ती बैठकीत गेली.

मुलगा रोशन, बोरगावच्या कंपनीत नोकरीला. सोबत त्याची आई सुधाबाई. मामा भाचीचं कौतुक करून राहिले होते आणि सुधाबाई पोहे खाता खाता तिच्या हातांकडे बघत होत्या. हवेनं आपलं काम सुरू केलं होतं. आधी नखांच्या कडा, मग तळव्याच्या रेघा, मग अख्खी बोटं. सगळ्यांच्या देखत हात निळे होत गेले.

"मायबाई! हे काय होऊन राहिलं?" सुधाबाईंचा घास हातातच राहिला.

"काही नाही, शाई असंन. पेन फुटला सकाळी," मामा घाईघाईनं म्हणाले.

"शाई नाही, मामा. नीळ आहे," तृप्ती म्हणाली. "माह्या भट्टीची. नोकर नाही, मीच चालवतो ती. रोज."

सुधाबाईंनी प्लेट खाली ठेवली. "असू दे. झालं ते झालं. पण लग्नानंतर हे चालणार नाही, बाई. लोकं काय म्हणतीन?"

तृप्तीनं सरळ रोशनकडे पाहिलं. "तुमचं काय म्हणणं आहे?"

त्यानं चष्मा काढून पुसला. "आई म्हणन तसं."

"मंग नाही जमत. भट्टी सोडून मी कुठंच येत नाही."

मामा ताडकन उठले. "अक्कल गहाण ठेवली काय? हात जोड अन् माफी माग! नलिनी, तू तरी समजाव तुह्या पोरीले!"

तृप्तीनं आईकडे पाहिलं. आई आता रडेल, हेच तिला वाटलं, आणि आई रडली की आपला धीर सुटेल, याची तिला खरी भीती वाटली.

नलिनीबाई उठल्या. त्यांनी लेकीचे निळे हात आपल्या हातात घेतले आणि भावाकडे वळल्या.

"काय समजावू, दादा? तिचा बाप गेल्यापासून या हातांचं कमावलेलं खाऊन राहिली मी. अन् आज मीच ते लपवाले निघाली होती. कायले जोडन ती हात?"

मग त्या सुधाबाईंना म्हणाल्या, "चहा टाकतो, बाई. पिऊन जा. पोरगी काही भट्टी सोडत नाही."