गोदामाच्या दारातली कावड

मी एक जुनी कावड आहे, मित्रांनो, आणि इतकी वर्षं झाली तरी माझा राग काही गेलेला नाही. खांद्यावर घ्यायचा बांबूचा दांडा आणि त्याच्या दोन्ही टोकांना दोरीची शिंकी, एवढाच माझा संसार. पण या संसाराने माणसं जगवली आहेत, हे विसरू नका.

वेवजी गावच्या लाहूने मला घडवलं. बेटातला जून बांबू तोडून त्याने तो विस्तवावर शेकला, तासला, मधोमध खांद्यापुरता गुळगुळीत केला. त्याच्या बायकोने, चिमीने, शिंक्यांचे दोर वळले. भाताचे भारे, लाकूडफाटा, पाण्याचे हंडे, सांगाल ते मी वाहिलं. "लाहूची कावड कुरकुरत नाय," असं पाड्यावर कुणी म्हटलं की माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

पावसाळा सरला की पाड्यावरची माणसं गवत कापायला लांबच्या माळावर जात. तिथे दुकान ठेकेदाराचंच. पीठ किडकं, सुके बोंबील भुसा झालेले, आणि भाव असा की सगळी मजुरी त्या दुकानातच जिरायची. माणसं राब राब राबून हात हलवत परत येत. साठ सालच्या आसपास एका वर्षी चिमीने ठरवलं की यंदा शिधा आपलाच न्यायचा. चार घरांनी पैसे जमवले आणि चार घरच्या चौघी बायका आम्हा चार कावडी घेऊन डहाणू रोडच्या एका ठोक गोदामाशी आल्या. तिथे अख्खी गोणी घेतली तर तांदूळ पुष्कळ स्वस्त पडे.

गोदामाचा कारभारी होता रामनाथ. त्याने पुढची गोणी दाखवली, नमुन्याचे दाणे चिमीच्या हातावर ठेवले. तिने हुंगले आणि परत दिले.

"हा नवा हाय. जुना दे."

"तुला जुना तांदूळ पाहिजे?" रामनाथ हसला. "अगं, जुना तांदूळ शेठच्या पंगतीला लागतो! पायात वहाण नाही आणि खायला जुना तांदूळ!"

"आमचा नवा अजून झाला नाय. देवाला दावल्याबिगर नवा दाणा खात नाय आमी."

तिच्या शेतातलं भात अजून उभं होतं. नव्या पिकाचा पहिला घास देवाचा, मग माणसांचा, हा त्यांचा नेम. उपाशी राहतील पण मोडणार नाहीत. यात हसण्यासारखं काय होतं, तुम्हीच सांगा! पण रामनाथला हसू आवरेना. शेवटी मागून एक गोणी ओढून आणवत तो म्हणाला, "घे, हा जाडा जुना. भाव तोच. पण शिवलेली गोणी इथे उघडायची नाही."

पैसे देऊन गोणी बाहेर चिंचेखाली आणली. कावडीला दोन्हीकडे सारखं वजन लागतं, म्हणून वाटणी करायला शिवण उसवली. वरचा थर जुना होता. चिमीने कोपरापर्यंत हात घातला आणि तिचा चेहराच उतरला. खाली सगळा नवा तांदूळ होता, ओलसर, कोंड्याच्या ताज्या वासाचा. तो त्यांना खाता येणार नव्हता. म्हणजे पुन्हा ठेकेदाराचं दुकान, पुन्हा रिकामे हात. रागाने माझा दांडा तडकतो की काय असं मला झालं.

"शिवण उसवली की माल तुमचा," रामनाथ आतून ओरडला. "तांदूळ तो तांदूळ. पोटात गेल्यावर नवाजुना कुणाला कळतोय!"

"बरा," चिमी म्हणाली. "मंग निवडून घेतो."

तिने मला उचललं आणि गोदामाच्या दारात आडवं टाकलं. दोन्ही शिंक्यांतल्या टोपल्यांत तांदूळ भरला, उरलेला माझ्या पुढेमागे फडक्यांवर पसरला. चौघी बायका बसल्या आणि एकेक दाणा निवडू लागल्या. पाठीवर गोणी घेतलेला हमाल दारापर्यंत आला आणि थबकला.

"अन्न ओलांडू कसा?" तो म्हणाला आणि गोणी खाली ठेवून बिडी पेटवत बसला. मग दुसरा बसला. बाहेर बैलगाड्या खोळंबल्या.

दुपार झाली. रामनाथची घरी जेवायला जायची वेळ टळली. तो तणतणत दाराशी आला, धोतर सावरलं, एक पाय माझ्यावरून उचलला. खाली तांदूळ होता. त्याने पाय तसाच मागे घेतला. पुन्हा उचलला, पुन्हा घेतला.

"बाजूला घे ते!"

"जा की," चिमी शांतपणे म्हणाली. "तांदूळ तो तांदूळ."

हमाल खो खो हसले. रामनाथ मात्र हसला नाही. पोटात कावळे ओरडत होते आणि पाय काही पुढे पडत नव्हता. अखेर त्याने बदल्यात जुन्या तांदळाची गोणी काढायला लावली आणि सगळ्यांदेखत स्वतःच्या हाताने तिची शिवण उसवली. चिमीने तळापर्यंत हात घालून पाहिलं, मगच मला दारातून उचललं. त्या वर्षी गवताची मजुरी घरी आली.

आता मी माळ्यावर पडून असते. मला वाळवी लागली आहे, कुणी तेलाचा हातही फिरवत नाही. त्याचं मला दुःख नाही. मित्रांनो, माझी काळजी नाही घेतलीत तरी चालेल. पण स्वस्तातला माल घेणारा माणूस "हे मी खात नाही" म्हणाला, तर त्याला हसू नका. पाय मागे घ्यायला लावणारं काहीतरी तुमच्याही घरी शिकवलेलं असतं.