सेळवणी

बबिता आडेच्या नशिबात तीन संगणक आले होते आणि तिघांचं एकमेकांशी पटत नव्हतं. एक आर्णीला पंजाबरावांच्या छापखान्यात, जिथं ती लग्नपत्रिका जुळवायची. दुसरा यवतमाळच्या एका संस्थेत, जिथं आठवड्यातून दोन दिवस ती टायपिंगला जायची. तिसरा घरचा लॅपटॉप, बंजाऱ्यांच्या तांड्यातल्या घरात आईच्या लोखंडी पेटीवर ठेवलेला. तिन्हीकडं लिहायला तिनं एकच साधा एडिटर घेतला होता. साधा म्हणायचा एवढंच. त्याची सेटिंग करावी तेवढी थोडी.

ज्या बटणानं आर्णीत ओळ पुसली जायची, त्याच बटणानं यवतमाळात पान थेट छापायला निघायचं. घरी नीट दिसणारी वेलांटी छापखान्यात शेजारच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसायची. दुसरं कुणी असतं तर हात जोडून मोकळं झालं असतं. बबिता हट्टाला पेटली. तिनं रंग, बटणं, अक्षरांचे आकार, सगळं एका फाइलीत बांधलं. ती फाइल आधी पेनड्राइव्हवर घेऊन फिरली, मग इंटरनेटवर अशी ठेवली की एकीकडं केलेला बदल तिन्हीकडं आपोआप व्हावा. सासर काही तिला लाभलं नव्हतं, पण हा संसार तिनं टाकटुकीनं मांडला होता.

एवढं सजवून ती लिहीत काय होती, हा प्रश्न कुणाच्याही मनात यावा. पंजाबरावांनी एकदा तो विचारलाच.

"बबिता, तू लिहिते कवा वो? मी तं पाह्यतो, तुई नुसती रंगरंगोटीच चालू राह्यते."

ती हसली आणि म्हणाली, स्वयंपाकाआधी भांडी घासावीच लागतात. पंजाबराव म्हणाले, घासता घासता जेवणाची वेळ टळू नये म्हणजे झालं. भला माणूस, पण बोलायला लागला की असंच बोलायचा.

लिहायचं होतं ते आईचं. रुपीबाई पैनगंगेपलीकडच्या, आदिलाबादकडच्या तांड्यातून लग्न होऊन इथं आलेली. तिची गोरबोली इथल्या गोरबोलीहून निराळी, तेलुगूचा वारा लागलेली. बायका तिला त्यावरून चिडवायच्या. माहेरचा तांडा केव्हाच पांगला होता आणि तिच्या वयाचं तिथलं कुणी उरलं नव्हतं. नवरीनं एकेकाच्या गळ्यात पडून रडत म्हणायचे ढावलो, जनावरांच्या दुखण्यांची नावं, लहानपणीचे खेळ, सगळं तिच्या एकटीच्या जिभेवर होतं. ते आईबरोबर जाऊ द्यायचं नाही, असं बबितानं सहा वर्षांपूर्वी मनावर घेतलं.

रोज संध्याकाळी भाकरी थापून झाल्या की रुपीबाई लॅपटॉपसमोर पाय दुमडून बसायची आणि सांगू लागायची. दोन वाक्यं होत नाहीत तोच एखादा अनोळखी शब्द यायचा. बबिता तो टाइप करायची आणि त्याखाली लाल रेघ उमटायची. एडिटरला मराठी तेवढी येत होती; त्याच्या लेखी आईचा शब्द म्हणजे चूक. ही रेघ बबिताच्या जिव्हारी लागायची. दुसरीत असताना तिनं वहीत ‘याडी’ लिहिलं होतं, तर गुरुजींनी त्याखाली अशीच रेघ ओढून वर ‘आई’ असं लिहून दिलं होतं.

मग ती एक बटण दाबायची. शब्द ‘माझे शब्द’ नावाच्या यादीत जायचा आणि रेघ पुसली जायची. तिथंच थांबली असती तरी चाललं असतं. पण यादी तिन्ही संगणकांवर पोचली का, हे पाहिल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. कधी आर्णीतली यादी आणि घरची यादी एकमेकींवर आपटायची, मग ओळ न् ओळ ताडून पाहा. त्यावर तिनं नामी तोड काढली. शब्द कधीही, कुठंही टाका, यादी आपोआप बाराखडीनं लागावी आणि तिन्हीकडं तंतोतंत एक व्हावी. भांडण कायमचं मिटलं. त्या दिवशी ती इतकी खूश होती की तिनं भाऊ संजयला जबरदस्तीनं बसवून ते दाखवलं. त्या बिचाऱ्याला तुरीवर फवारणी करायची होती.

हे सगळं होईपर्यंत रुपीबाई वाट पाहत बसून राहायची. मधूनच विचारायची, घेतला का शब्द त्यात? घेतला, याडी, आता तो कुठं जात नाही, बबिता मान वर न करता सांगायची. त्याचा अर्थ नीट सांगू का? कळला मला, तो उद्या लिहू, आधी हे बसू दे. म्हातारीला त्या यंत्राचं मोठं कौतुक. आपण सांगितलेलं सगळं त्यात आहे, असं ती शेजारणींना सांगायची.

उद्या, उद्या म्हणता सहा वर्षं गेली. यादीत सोळाशे चौदा शब्द जमले. लिहून झालं होतं दीड पान.

यंदा होळी होऊन आठ दिवस झाले नसतील, रुपीबाई सकाळी चुलीपाशीच कलंडली. लकवा. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. बारा दिवस यवतमाळच्या दवाखान्यात ठेवून डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. तसं सांगण्याचा अर्थ संजयलाही कळला होता. घरी आणल्यावर चौथ्या दिवशी तिला शब्द फुटला. एकच. ‘सेळवणी’. डावा हात पुढं करून ती तेवढंच म्हणायची, पुन्हा पुन्हा, तहानलेलं माणूस मागतं तसं.

सेळवणी म्हणजे काय, हे तांड्यात कुणालाच सांगता येईना. शेजारच्या मानीबाईला वाटलं, अंगावर पांघरायचं काहीतरी असेल. पेटी उघडून आरशांची जुनी टुकरी, लग्नातली ओढणी, काढली आणि तिच्या डोक्यावरून घातली. रुपीबाईनं ती बाजूला सारली. पंजाबराव भेटायला आले, त्यांना ‘शेळी’ ऐकू आलं. भल्या माणसानं दुसऱ्या दिवशी शेळीचं दूध पाठवलं. तेही तिनं सारलं. पाणी तर बबितानं पहिल्याच दिवशी ओठाला लावून पाहिलं होतं; तेही तिला नको होतं. कुणी म्हणालं हे गाणं असेल, कुणी म्हणालं गाव, कुणी म्हणालं माणूस. म्हातारी सगळ्यांच्या तोंडाकडं आशेनं बघायची आणि मग मान फिरवायची.

बबिताला मात्र आतून कुरतडत होतं, की हा शब्द आपण ऐकलाय. नुसता ऐकला नाही, त्याचा अर्थ कळून आपण मान डोलावलीय. कधी, कशावरून, ते काही केल्या आठवेना.

शब्द फुटल्यापासून पाचव्या दिवशी दुपारी रुपीबाईनं तो म्हटला आणि हात लॅपटॉपकडं केला. पुन्हा म्हटला, पुन्हा बोट तिकडंच. मी तुला सांगितलंय, त्यात बघ, असं आई म्हणत होती.

तिनं यादी उघडून शोधलं. शब्द लगेच सापडला. वर ‘सेरो’, खाली ‘सोकडी’, मध्ये ‘सेळवणी’. त्या शेजाऱ्यांचेही अर्थ तिला आठवत नव्हते. कुठल्या संध्याकाळी, कशाच्या बोलण्यात तो आला, त्याच्या आगेमागे आई कोणते शब्द बोलली होती, हे कळलं असतं तर काही धागा लागला असता. पण ते सगळे शब्द बाराखडीनं दूरदूर पांगवले होते. तिनं छापखान्यात फोन करून पंजाबरावांना तिथली फाइल बघायला लावली. यवतमाळला फोन केला. कुठंतरी जुनी, बाराखडीनं न लावलेली यादी राहिली असेल, एवढीच आशा. राहिली नव्हती. तिन्हीकडं अक्षर न् अक्षर सारखं होतं. तिनं स्वतःच ते इतक्या चोख रीतीनं सारखं केलं होतं की आता कुणाला दोष द्यावा?

रुपीबाई तिच्याकडंच बघत होती. लेकीचं बोट एका ओळीवर थांबलेलं तिनं पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं, पण सापडलं हे तिला कळलं. चेहऱ्याची डावी बाजू हसली. हात खाली घेऊन ती निवांत पडली आणि वाट बघू लागली.

बबिता उठून बाहेर गेली. अंगणातल्या माठापाशी ती किती वेळ उभी होती, तिलाच ठाऊक नाही. रिकाम्या हातानं आत जायची तिची छाती होईना. शेवटी काहीतरी हातात असावं म्हणून तिनं पेलाभर पाणी घेतलं. आत आली तर आई दाराकडं डोळे लावून होती. बबिता खाटेपाशी खाली बसली आणि सहा वर्षांत एकदाही म्हटलं नव्हतं ते म्हणाली.

"मन मालम छेनी, याडी."

मला ठाऊक नाही. एवढंच. मग तिला रडू आवरेना.

रुपीबाईनं ओठ हलवले. समजावून सांगायचा तिनं पुष्कळ यत्न केला, कपाळावरची शीर तटतटली. पण तोंडून तोच शब्द बाहेर आला, दोनदा, तीनदा. मग ती थांबली. लेकीच्या तोंडाकडं बराच वेळ बघत राहिली. डावा हात पुढं करून तिनं तो पेला धरला, जेमतेम दोन घोट प्याली, बरंचसं मानेवर सांडलं, आणि हेच हवं होतं अशी तिनं मान हलवली. बबिताचे डोळे पुसले. त्यानंतर तिनं तो शब्द पुन्हा काढला नाही. तिथून आठव्या दिवशी ती गेली.

म्हातारीनं पेला घेतला तेव्हा संजय दारातच उभा होता. त्याचा जीव भांड्यात पडला होता. मातीला आलेल्या माणसांना तो सांगत होता, शेवटी इच्छा पुरी झाली म्हातारीची, गार पाणी मागत होती. सगळं आटोपल्यावर तो बबिताजवळ येऊन बसला.

"बबिता, तेवढं लिहून ठेव वो. सेळवणी म्हंजे गार पाणी. नाई तं रायून जाईन."

बबितानं बरं म्हटलं.