लाल टोप्या विणणारी सुई

बिस्किटांच्या एका जुन्या पत्र्याच्या डब्यात, सुटी बटणं आणि रिकामी रिळं यांच्या सोबतीनं मी राहते, मित्रांनो. मी क्रोशाची सुई. अंगानं हलकी, ॲल्युमिनियमची, टोकाला वाकडी चोच असलेली. माझ्यावर गंज चढत नाही, पण चमक केव्हाच गेली आहे. आता कोणाच्या परकराची नाडी आत सरकली, की तेवढ्यापुरता डबा उघडतो. नाडी ओवून झाली की झाकण पुन्हा बंद.

मला कोणत्या कारखान्यात ओढून, वाकवून, घासून तयार केलं ते मला आठवत नाही. आठवतं ते पवनीच्या बाजारातलं लोकरीचं दुकान, तिथल्या काचेच्या बरणीतल्या माझ्या बहिणी आणि एका मुलीचा हात. त्या मुलीचं नाव प्रेरणा. शिवणवर्गात नुकतीच क्रोशा शिकू लागली होती. तिनं बरणीतल्या तीन-चार सुया बोटांत फिरवून पाहिल्या आणि मला निवडलं. साखळी, मुका खांब, खांब हे टाके आम्ही दोघी बरोबरच शिकलो. सुरुवातीला ती टाका इतका घट्ट ओढायची, की मी त्यात अडकून बसायची. हळूहळू तिचा हात सैल झाला आणि मग आमचं जमलं.

लग्न होऊन ती पवनीतच, वैनगंगेकाठच्या वस्तीत आली तेव्हा मी तिच्या पेटीत होते. ते मासेमारी करणाऱ्यांचं घर होतं. नवरा धनराज भल्या पहाटे डोंगा घेऊन नदीवर जायचा. त्याची आई सखाबाई बाजारात मासे विकायची. सखाबाईची नजर सगळ्या बाजारात नावाजलेली होती. माशाचा कल्ला उचलून आतला लाल रंग पाहिला, की मासा आजचा की कालचा ते ती सांगून टाकायची आणि तिचं सांगणं कधी चुकायचं नाही.

प्रेरणानं दाराला तोरण विणलं तेव्हा सखाबाईनं शेजारच्या ललिताबाईला हाताला धरून आणलं होतं. "पाय, माह्या सुनेच्या हाताले कसा गुन हाय. बजारात असं मिळन का?" असं ती येईल त्याला सांगायची. मित्रांनो, सासूनं सुनेचं असं कौतुक केलं की सुईलासुद्धा बरं वाटतं. त्या घरात आधी विक्की झाला, मग खुशी झाली. दोघांची टोपरी, मोजे, स्वेटर मीच विणले. ती माझी सगळ्यात चांगली वर्षं होती.

मग सखाबाई विसरू लागली.

आधी सुटे पैसे विसरायची, मग बाजाराची वाट. तिची माशांची पाटी धनराजनं बंद केली. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, की वयानं होतं असं काहींना. हे वाढत जाणार, तुम्ही जपा. घरचे जपत होते. पण एका थंडीच्या सकाळी धनराज खांद्यावर जाळं टाकून, तोंडाला मफलर गुंडाळून अंगणात शिरला आणि सखाबाईनं त्याला चोर समजून हातातला तांब्या फेकला. तांब्या त्याच्या कपाळावर लागला, रक्त आलं. धनराज तिथंच उभा राहिला. "माय, मी हावो ना," एवढंच म्हणत राहिला. सखाबाई भिंतीला टेकून थरथर कापत होती. तिला खरंच भीती वाटली होती.

त्या गोंधळात छोटी खुशी धावत आली. तिच्या डोक्यावर मी आदल्या वर्षी विणलेली लाल टोपी होती. सखाबाईनं तिला जवळ ओढून घेतलं. "हे माही नात हाय," ती धनराजला दटावून म्हणाली. "हिले हात नको लावू."

कपाळाला हळद लावता लावता प्रेरणा नवऱ्याला म्हणाली, "ऐकलं का? मायले चेहरा ध्यानात नाई राहत. पन ते लाल टोपी तिले समजते. सगळ्याइले तशीच करून देऊ का?"

धनराजला पटलं की नाही कोण जाणे. पण तो म्हणाला, "कर. काईतरी करू."

बाजारातल्या त्या लोकरीच्या दुकानात, भय्याजींकडं, त्याच लाल रंगाची जेवढी लोकर शिल्लक होती तेवढी प्रेरणानं उचलली आणि त्या दिवसापासून आम्हा दोघींना उसंत नव्हती. टोपी अगदी साधी होती. मधोमध लोकरीचा एक छल्ला, त्याच्याभोवती खांबांच्या फेऱ्या, टाळूपुरतं वाढवत जायचं, मग सरळ खाली उतरायचं आणि कानांवर दुमडायला रुंद काठ ठेवायचा. भात चुलीवर असताना, सखाबाईला ऊन खायला बसवलं असताना, मुलांचा अभ्यास घेताना मी चालतच होते. पहिली टोपी सखाबाईची झाली. आपल्या डोक्यावर काय आहे हे तिला आरशात दाखवलं. मग धनराजची, मग विक्कीची. स्वतःची टोपी प्रेरणानं शेवटी विणायला घेतली. टाळू पूर्ण झाली, दोन बोटं खाली उतरली आणि लोकर संपली.

"तो लॉट संपला, बाई," भय्याजी म्हणाले. "आता येनारा लाल थोडा वेगळा राहन."

"राहू द्या," प्रेरणा म्हणाली. "मी तर तिच्याजवळ दिवसभर असतो. मले कायले इसरन ते?"

मित्रांनो, हे वाक्य मी तिच्या पिशवीतल्या अर्धवट टोपीत बसून ऐकलं. तेव्हा मलाही ते खरं वाटलं.

टोप्यांनी काम केलं. दाराजवळच्या खुंट्यांना त्या लटकत असायच्या. आत जायचं तर आधी टोपी घालायची. धनराज टोपी घालून आला की सखाबाई त्याला "आला का, बापू" म्हणायची. विक्कीला मांडीवर डोकं ठेवू द्यायची. भंडारा जिल्ह्यातला उन्हाळा तुम्हाला ठाऊक असेल. त्या भाजणाऱ्या दुपारीसुद्धा बापलेक लोकरीच्या टोप्या घालून, घामानं निथळत तिच्याशेजारी जेवायला बसायचे. विक्कीचे मित्र खिडकीतून पाहून हसायचे. विक्की उठून खिडकी लावून घ्यायचा, पण टोपी काढायचा नाही.

मात्र त्याच उन्हाळ्यात एक दिवस सखाबाईनं धनराजला हळूच विचारलं, "बापू, हे बाई आपल्या घरी काहून येते?"

"कोन बाई?"

सखाबाईनं चुलीकडं बोट दाखवलं. प्रेरणा भाकर थापत होती.

"माय, ते प्रेरणा हाय. तुही सून."

"नाई. माही सून टोप्या विनते. ते कोठी गेली?"

भाकर थापणारे हात क्षणभर थांबले आणि पुन्हा चालू लागले.

दुसऱ्याच दिवशी प्रेरणानं नवी लोकर आणली. भय्याजींनी दाखवलेल्या रंगांतला सगळ्यात जवळचा लाल तिनं निवडला होता. तिनं भराभर टोपी विणली. माझ्या अंगाला तिच्या बोटांचा घाम लागत होता. टोपी डोक्यावर चढवून ती सखाबाईसमोर बसली. सखाबाईनं वाकून टोपीचा काठ उचलला, अगदी माशाचा कल्ला उचलावा तसा, आणि रंग निरखून पाहिला.

"हा लाल बासी हाय," ती म्हणाली. "हे आमच्या घरची नाई."

सगळं विसरलेल्या त्या म्हातारीचे डोळे मात्र काही विसरले नव्हते.

धनराज म्हणाला, "सगळ्या टोप्या उसवून टाक. नव्या लालाच्या कर."

"हा लाल ते थंडीत शिकली," प्रेरणा म्हणाली. "आता नवीन काई शिकत नाई ते. आता टोपी पाहून वळखते, तेही जाईन."

आपली टोपी आईला देऊन पाहायची, असं खुशीच्या मनात आलं. तिनं कोणाला न विचारता आपली टोपी आईच्या डोक्यावर बसवली. घट्ट होत होती, पण बसली. सखाबाईनं प्रेरणाकडं पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. "आली का, माय," म्हणत तिनं सुनेचा हात हातात घेतला. कित्येक महिन्यांनी घेतला होता. प्रेरणा नुसता हात पुढं करून बसून राहिली. तेवढ्यात खुशी आनंदानं आजीच्या मांडीवर चढायला गेली. सखाबाईनं तिला दूर ढकललं.

"कोनाची पोट्टी हाय हे? हाकला हिले."

खुशी दारापर्यंत गेली आणि तिथं उभी राहून रडू लागली. प्रेरणानं सासूच्या हातातून आपला हात सोडवून घेतला, डोक्यावरची टोपी काढली आणि लेकीला घातली.

"जा," ती म्हणाली. "आता जा आजीपाशी."

एकाची टोपी घेतली की तो परका होणार, म्हणून त्यानंतर तिनं प्रयत्न सोडला. सखाबाई विचारायची, "माही सून कोठी गेली?" तेव्हा प्रेरणाच सांगायची, "बजारात गेली हाय, माय. येते आता." सखाबाईला न्हाऊ घालताना, घास भरवताना, रात्री ओलं झालेलं अंथरूण बदलताना ती हेच सांगायची. कधी सखाबाई म्हणायची, "तुह्या हातची भाजी माह्या सुनेच्या हातासारखी लागते." प्रेरणा म्हणायची, "तिनंच शिकवली मले." मी शेजारच्या टोपलीत पडून हे ऐकायची. माझ्या जवळ लोकर होती, चोच होती, आणि काहीच करता येत नव्हतं.

दिवाळी झाली, मंडईची जत्रा झाली, धान निघालं. पौषाची थंडी पडली. सखाबाईचं खाणं अगदी कमी झालं होतं. एका सकाळी तिला अंगणात उन्हात खाटेवर बसवलं होतं. तिच्या पायांसाठी प्रेरणानं मोजे विणायला घेतले होते, त्यामुळं मी खाटेच्या कडेला लोकरीत खोचलेली होते. प्रेरणा नुकतीच डोक्यावरून न्हाली होती. ओल्या केसांनीच ती भांडी घासायला बसली.

"ओ बाई," सखाबाईनं हाक मारली. "इकडे ये."

प्रेरणा हात धुऊन आली.

"बाल ओले हायेत तुहे. थंडी लागन ना." असं म्हणून सखाबाईनं आपल्या डोक्यावरची लाल टोपी काढली. ती तिनं प्रेरणाला घालायला घेतली. एकदा टोपी प्रेरणाच्या नाकावर आली, मग कानांवर बसली. काठ नीट दुमडून देत ती म्हणाली, "माह्या सुनेनं विनली. घाल. ते काई म्हननार नाई. मोठ्या मनाची हाय."

"मंग तुमाले?" प्रेरणानं विचारलं. तिचा आवाज मला ओळखू आला नाही.

"मले देते ना ते दुसरी करून."

प्रेरणा खाटेशी खाली बसली. "माय," ती म्हणाली, "मीच व्हय तुमची सून."

सखाबाईनं तिच्याकडं बराच वेळ पाहिलं. मग परक्या माणसाचा मान राखून हसावं तशी ती हसली.

"हो का," ती म्हणाली. "बस मंग. ऊन चांगलं हाय."

दोघी तशाच बसून राहिल्या. भांडी अंगणात वाळून गेली. सखाबाईला डुलकी लागली तेव्हा प्रेरणानं टोपी काढून पुन्हा तिच्या डोक्यावर घातली.

सखाबाई त्याच महिन्यात गेली. दोन दिवस ताप आला, तिसऱ्या दिवशी ती उठली नाही. तिला न्हाऊ घालताना ललिताबाईनं टोपी काढून धनराजच्या हातात दिली. ती त्यानं प्रेरणाकडं नेली. "मायनं तुले देली होती ना," तो म्हणाला. प्रेरणानं हात पुढं केला नाही, तेव्हा खुशीनं ती घेतली आणि आईच्या डोक्यावर घातली. बाहेर धुकं होतं, थंडी फार होती. सखाबाईला अंगणातून उचललं तेव्हा धनराज, विक्की, खुशी आणि प्रेरणा एका रंगाच्या टोप्या घालून उभे होते. पाहिल्याबरोबर कोणीही सांगितलं असतं, की ही सगळी एका घरची माणसं आहेत. फक्त ज्या डोळ्यांसाठी हे केलं, ते मिटलेले होते.

मोजे अर्धेच राहिले. प्रेरणानं ते उसवले नाहीत आणि पूर्णही केले नाहीत. मला लोकरीतून काढून तिनं या डब्यात ठेवलं. माझा तिच्यावर राग नाही. ज्या हातांबरोबर मी टाके शिकले, त्या हातांना आता विसावा हवा असेल.

पण तुम्हाला एक सांगायचं आहे, मित्रांनो. तुमच्या घरात कोणी म्हातारं माणूस तुम्हाला रोज नव्यानं नाव विचारत असेल, तर रोज सांगा. कंटाळू नका. विसरलेल्या माणसाच्या मनातही आपल्यासाठी जागा असते, फक्त तिथली वाट त्याला सापडत नाही. आणि तुमच्या घरी जी सगळ्यांचं करते, सगळ्यांना वाढते आणि स्वतः उरल्यासुरल्यावर भागवते, तिच्याकडं आजच वळून पाहा. माझ्यासारखी एखादी सुई तुमच्या घरच्या डब्यात पडली असेल, तर तिला बाहेर काढा. टाके कोणीही शिकवील. मग घरातल्या सगळ्यांसाठी हव्या तेवढ्या टोप्या विणा, पण पहिली टोपी तिच्या मापाची विणा.