मधला रकाना

तर आधी योगिनीचं काम काय ते ऐका, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. राहायला आयर्लंडमध्ये, स्लायगोत. नवरा इंद्रनील तिथल्या एका मेडिकल डिव्हाइसच्या प्लांटमध्ये. आणि ही बाई रोज सकाळी सहाला उठून, चहाचा मग घेऊन, अमेरिकेतल्या बेसबॉलवर लिहायची! आयुष्यात एक मॅच मैदानात बसून बघितलेली नाही. पण स्टॅटिस्टिक्समधली एमएस्सी होती, आणि हाताशी आयर्लंडचं घड्याळ होतं. तिकडच्या मॅचेस संपतात तेव्हा इकडे उजाडतं, अमेरिका घोरत असते, आणि ती उठायच्या आत हिचा रिपोर्ट वेबसाइटवर हजर. साइटची मालकीण डेबी, ओहायोची. तिने हिला घेतलं ते याच हिशोबाने, आणि तेसुद्धा एप्रिलअखेरपर्यंत, ट्रायलवर. चार वर्षं नुसती 'इंद्रनीलची बायको' म्हणून काढल्यावर पहिलं स्वतःचं काम, म्हणजे बघा.

वाचायचे कोण? फँटसी खेळणारे. लोक घरबसल्या खऱ्या खेळाडूंची आपापली टीम बनवतात, आणि तो खेळाडू मैदानात जसा खेळेल तसे यांना पॉइंट मिळतात. त्यात योगिनीच्या वाट्याला रिलीव्हर आले, म्हणजे मुख्य बोलर दमला की शेवटी येऊन मॅच राखणारे. आपल्याकडे शेवटची ओव्हर कोणाला द्यायची यावरून भांडतात ना, तसली माणसं. त्यांचं सगळं मागच्या चार दिवसांवर. चार दिवस बरं टाकलं की देव, दोनदा मार खाल्ला की घरी. योगिनी रोज तक्ता करायची, तीन रकान्यांचा: ठेवा, बघा, सोडा. खरं सांगायचं तर मधला रकाना बहुतेक रिकामाच. सकाळी सकाळी 'बघा' कोणाला हवंय हो? लोकांना उत्तर हवं असतं.

आणि तिचा सगळ्यात पक्का वाचक कुठे होता माहितीये? चिंचवडला! तिचे बाबा, विद्याधर. कंपनीच्या क्रिकेट टीमचे बावीस वर्षं स्कोअरर होते. पोरगी काय लिहिते ते कळावं म्हणून सत्तराव्या वर्षी डिक्शनरी मांडीवर घेऊन बेसबॉल शिकले. दुपारी जेवण झालं की योगिनीची लिंक यायची, ती वाचून व्हायची, की लगेच फोन. त्यातला मोझर नावाचा एक रिलीव्हर त्यांच्या मनात भरला होता. का, तर फोटोत शर्ट इन करून, नीट दाढी करून उभा होता. बस, एवढंच!

"मोझरसाहेब कुठे आहेत आज?"

"ठेवामध्ये, बाबा."

"शाब्बास."

पण एप्रिलच्या मध्यावर मोझरसाहेब झोडपले जायला लागले.

"बाबा, तीन मॅचमध्ये सात रन दिलेत तुमच्या माणसाने. आज सोडामध्ये टाकतेय."

"तीन दिवसांवरून माणूस ठरवतात होय? आमचा पेंढारकर महिना महिना मार खायचा, आणि एका रविवारी पाच विकेट!"

"हे कंपनीचं क्रिकेट नाहीये हो."

"मग तो मधला रकाना काय शोभेला ठेवलायस? टाक की तिथे."

योगिनी हसली आणि तिने त्याला 'ठेवा'मध्येच राहू दिलं. बाबांसाठी. हजारो लोक वाचतात आणि ही बाबांसाठी खोटं लिहितेय. पण एका माणसाचा काय तो प्रश्न, असं तिला वाटलं.

आणि मग तो एप्रिल. एकवीसचा. तुम्हाला काय सांगायचं.

बाबा पॉझिटिव्ह आले. दादाने, म्हणजे जयेशने, दोन दिवस फोन करकरून कुठेतरी ऑक्सिजनचा बेड मिळवला. इंद्रनीलने विमानं बघितली. योगिनी बॅग काढून बसलीसुद्धा, तर दादाच ओरडला, "येऊन काय करणारेस? गेटच्या आत घेत नाहीत. मी स्वतः रस्त्यावर उभा असतो! आई घरात कोंडलेली. तू आलीस की तुझी एक काळजी." परत येताना हॉटेलात डांबून ठेवतील, तेही कानावर यायला लागलं होतं. बॅग परत पलंगाखाली गेली.

शेजारची ब्रायडी भिंतीपलीकडून विचारायची, काय, कसं काय? योगिनी म्हणायची, ग्रँड. तिकडे सगळं ग्रँडच असतं, पाय मोडला तरी ग्रँड. हे तिने एकदा बाबांना सांगितलं होतं, आणि त्यांना तो शब्द भयंकर आवडला होता. आता बोलायला दम लागायचा म्हणून ते मेसेज पाठवायचे. "माझा स्कोअर ९३. ग्रँड. मोझरचा?" म्हणजे ऑक्सिजनचा आकडा. ते त्यांचा सांगणार, ही मोझरचा सांगणार, असा सौदा. आणि मोझर तर रोज धुतला जात होता! योगिनी लिहायची, "दोन आउट काढले, बाबा." चार रन दिले ते गिळून टाकायची. रिपोर्टमध्ये त्याची एक ओळ, गोलगोल, आणि नाव 'ठेवा'मध्ये.

डेबीला हे दिसायचं थोडंच राहणार? बुधवारी तिची मेल आली. वाचक चिडलेत, मोझरमुळे लोक हरतायत, तुला आकडे वाचता येतात म्हणून तुला घेतलं, तुझी दयामाया वाचायला नाही. शुक्रवारी ट्रायल संपतेय, काय ते ठरव.

गुरुवारी सकाळी तिने आधी फोन बघितला. बाबांचा मेसेज: "९५. ग्रँड."

पंच्याण्णव! अहो, ती स्वयंपाकघरात नाचली. प्रेसमधून, म्हणजे तिकडच्या भाषेत कपाटातून, पोह्यांचा डबा काढला, इंद्रनीलला झोपेतून उठवून सांगितलं, पंच्याण्णव! आणि मग तिला वाटलं, आता बाबा बरे होतायत, आता त्यांना खरं झेपेल, वाचतील, चार शिव्या घालतील, मजा येईल. त्या आनंदात तिने मोझरला उचललं आणि 'सोडा'मध्ये टाकलं. वर एक ओळ लिहिली, डेबी खूश होईल अशी: मागच्या दोन आठवड्यांत दिसलं तेच खरं, आता वाट बघू नका. नऊला लिंक बाबांना पाठवली आणि भांडणाची वाट बघत बसली.

साडेअकराला दादाचा फोन.

"योगी, बाबा गेले गं."

"गेले म्हणजे?" मग ती ओरडलीच, "अरे पंच्याण्णव होता ना सकाळी! मला मेसेज आलाय, पंच्याण्णव!"



"पंच्याहत्तर होता. आठवडाभर नव्वदच्या वर गेलाच नाही. बाबाच म्हणाले, योगीला खरं कळवू नकोस, ती एवढ्या लांब, हबकेल पोर. त्यांना टाइप करवत नव्हतं, मी बाहेरून करायचो त्यांच्या फोनवरून. ते वॉर्डबॉयकडून निरोप धाडायचे तो आकडा."

"तू? ते सगळे मेसेज तू केलेस?"

"ग्रँडसुद्धा त्यांनीच सांगितलं होतं, घालायलाच हवं म्हणून."

तिला किंचाळायचं होतं. पण काय बोलणार होती ती? तिने तरी त्यांना दुसरं काय कळवलं होतं दोन आठवडे?

मग ते सगळं, फोनवर. लांबून धरलेला मोबाइल, पांढरी गुंडाळी, आणि तेवढ्यात रेंज गेली. इंद्रनील तिच्या पाठीवर हात ठेवून नुसता उभा. संध्याकाळी आई बोलली, घसा पार बसलेला. "योगे, लग्न झालेल्या लेकीला तीन दिवसांचं सुतक असतं. चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हा आणि कामाला लाग. नुसती बसून राहू नकोस."

तीन दिवस ती नुसतीच बसून राहिली.

तिसऱ्या दिवशी डेबीची मेल. तिला इकडचं कळलं होतं, तू हवं तेवढं थांब, तुझी जागा पक्की, असं आधी लिहिलं होतं. आणि खाली: मोझरबद्दल दुरुस्ती टाकावी लागेल. त्याची आई महिनाभर आजारी होती, त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. बुधवारी गेली. टीमने त्याच दिवशी त्याला दुखवट्याच्या रजेवर पाठवलंय, नियमाप्रमाणे कमीत कमी तीन दिवस, जास्तीत जास्त सात.

योगिनीने ते दोनदा वाचलं आणि एकदम हसायला लागली. इंद्रनील घाबरून धावत आला.

"तिकडेही तीन, इंद्रनील! तिकडेही तीनच दिवस देतात!"

मग ते हसणं काही थांबेना, आणि ते हसणं नव्हतंच.

चौथ्या दिवशी सहाला उठली, न्हायली, ओल्या केसांनी लॅपटॉप उघडला. मोझर रजा संपवून आदल्या दिवशी मैदानात उतरला होता. शेवटचे तीन बॅटर, अकरा बॉल, तिन्ही आउट. एक रन नाही. बाबांचा पेंढारकरवाला रविवार!

तिने दादाला फोन लावला.

"एक विचारू? त्या दिवशी माझं वाचलं का रे त्यांनी?"

"कशाला आता ते, योगी."

"दादा, सांग. खोटं नको."

"वाचलं. म्हणजे मी वाचून दाखवलं. आयसीयूत हलवत होते म्हणून मला पीपीई घालून पाच मिनिटं आत घेतलं होतं. तुझी लिंक आलेली. म्हणाले, मोझरचं काय झालं ते वाच. मी आपलं मराठी करून वाचलं."

"सगळं?"

"वाट बघू नका, तिथपर्यंत."

"मग?"

"म्हणाले, बरोबर लिहिलंय पोरीने."

"आणि?"

"आणि काही नाही."

"भांडले नाहीत? पेंढारकर? तीन दिवसांवरून माणूस ठरवतात का, असं काहीच नाही?"

"नाही गं. मास्क स्वतःच्या हाताने सरळ केला आणि डोळे मिटले. मग तिथल्या लोकांनी मला बाहेर काढलं."

तिने फोन ठेवला. केसांचं पाणी कीबोर्डवर ठिबकत होतं. बाहेर ब्रायडी कुत्र्याला घेऊन निघाली, तिने खिडकीतून हात केला, ओठ हलवून विचारलं, कसं काय? योगिनीचेही ओठ हलले. कोणता शब्द ते सांगायला नको.

मग तिने तक्ता भरला. बाकीची नावं भराभर बसली. मोझरचं नाव तिने 'सोडा'मधून उचललं आणि मधल्या रकान्यात ठेवलं, एकट्याला. पुढे लिहिलं, चार दिवस बघा. नऊ वाजता रिपोर्ट गेला.

बाराला डेबी उठली. बघा म्हणजे काय, लोकांना उत्तर हवं असतं, असं तिने अगदी प्रेमाने लिहिलं, आणि मोझरला उचलून 'ठेवा'मध्ये टाकलं. मधला रकाना परत रिकामा झाला.